आधी दोरा, मग पिसं

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ६३ वर्षांचा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढली. मूळचा सांगली जिल्ह्यातला, लहानपणी कृष्णेवर कणकेची गोळी लावून गळ टाकायचो. आता वर्षातले सहा महिने आम्ही दोघं लेकीकडे असतो, अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गला (गावसुद्धा मेकॅनिकचंच मिळालं, असं जावई म्हणतात). शेजारच्या आजोबांनी मला यलो ब्रीचेस ओढ्यावर नेऊन फ्लाय फिशिंगची (फ्लाय म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेली खोटी माशी, तिच्यावर मासा धरायचा) गोडी लावली आणि आपला जुना व्हाइस, म्हणजे बांधताना गळ पकडून ठेवणारा चिमटा, देऊन टाकला. मुलीने वाढदिवसाला फ्लाय बांधायचं किट आणलं. व्हिडिओ बघून दोन महिन्यांत पंधरा प्रकारच्या फ्लाय बांधून पाहिल्या. एक धड नाही. दोरा तुटतो, पाण्यात टाकली की शेपूट निसटतं, डोक्याशी गोळा होतो, गळाचं नेढं बुजतं. बोटंही राठ आहेत. फिरायला जातो तेव्हा काळ्या पट्ट्यांची निळी, लाल, लांब करडी अशी पिसं वेचून आणतो, बिस्किटांचा डबा भरत आला आहे. धाकटा भाऊ डिसेंबरात येणार आहे, त्याला मोरपिसं आणायला सांगितली आहेत. सौ. माळकरी आहे. 'तुमच्या माश्या माझ्या देवापासून लांब ठेवा' म्हणते. शिकायचं म्हटलं तर नेमकं कुठून धरू?"

काका, नमस्कार.

आधी तो बिस्किटांचा डबा. आज फिरायला जाताना बरोबर न्या आणि झाडाखाली रिकामा करून या. तुम्ही केलेल्या वर्णनावरून निळं, काळ्या पट्ट्यांचं पीस ब्लू जेचं वाटतं, लाल ते कार्डिनलचं आणि करडं, लांब ते बहुतेक कॅनडा गूजचं. हे तिन्ही पक्षी अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्या कायद्याने असं पीस परवान्याशिवाय जवळ ठेवताही येत नाही, मग ते रस्त्यात पडलेलं का असेना. पीस सापडलं की पक्षी मारून काढलं, हे नुसतं पीस बघून कुणाला कळणार? म्हणून सरसकट मनाई. कोंबडी, टर्की आणि फेझंट यांची पिसं चालतात, आणि फ्लायला मुख्यतः तीच लागतात. भावालाही आजच फोन करा. मोरपीस भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे. मोरपिसाचे तंतू फ्लायसाठी सोन्यासारखे, हे खरं, पण तिथल्या दुकानात पाळलेल्या मोरांचे मिळतात आणि एक पुडी वर्षभर पुरते.

पिसांचा नाद वाईट असतो, म्हणून इतकं लांबण लावलं. २००९ साली लंडनजवळच्या ट्रिंगच्या संग्रहालयात रात्री खिडकी फोडून एक बासरी शिकणारा विद्यार्थी शिरला आणि दुर्मिळ पक्ष्यांची २९९ कातडी सूटकेसमध्ये भरून घेऊन गेला. कशासाठी, तर सामन माशाच्या जुन्या, नक्षीदार फ्लाय बांधायला लागणाऱ्या पिसांसाठी. तुमचा डबा त्या वाटेवरचा नाही, पण पिसं साठवणं म्हणजे फ्लाय बांधणं नव्हे, एवढं तुमच्या डब्यालाही लागू आहे.

आता पंधरा प्रकारांकडे येते. काका, दोन महिन्यांत तुम्ही पंधरा फ्लाय एकेकदा बांधल्या. वर्कशॉपमध्ये नवा पोरगा आला आणि त्याने सोमवारी ब्रेक, मंगळवारी गिअरबॉक्स, बुधवारी रेडिएटर उघडला, तर तुम्ही काय म्हणाला असता? एकच फ्लाय बारा वेळा बांधायची. बारावी पहिलीसारखी दिसेनाशी झाली, की दुसऱ्या प्रकाराला हात लावायचा. मी शिकले इंग्लंडात, एका खेड्याच्या सभागृहात, हिवाळ्यातल्या मंगळवारच्या वर्गात. आमचे मास्तर बांधलेली फ्लाय हातात घ्यायचे, भिंगातून बघायचे, आणि काही न बोलता ब्लेडने सगळं खरवडून मोकळा गळ परत द्यायचे. पहिल्या तीन मंगळवारी मी घरी एकही फ्लाय नेली नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण ते ब्लेड तुम्हीही ठेवा. बिघडलेल्या फ्लायवर गळ वाया घालवायचं कारण नाही.

तुमच्या चारही तक्रारी, म्हणजे तुटणारा दोरा, निसटणारं शेपूट, डोक्याचा गोळा आणि बुजलेलं नेढं, यांत पिसांचा दोष कुठेच नाही. चारही दोऱ्याच्या आहेत. फ्लायमध्ये गोंद नसतो, शिवण नसते, आणि सगळ्यांत शेवटची सोडली तर गाठही नसते. जे काही टिकतं ते दोऱ्याच्या ताणावर. तेव्हा पहिली संध्याकाळ फक्त दोरा तोडण्यात घालवा. व्हाइसमध्ये मोकळा गळ लावा, दांड्यावर दोऱ्याचे पाच-सहा वेढे त्याच दोऱ्याच्या टोकावरून घ्या म्हणजे तो जागच्या जागी आवळला जातो, आणि मग बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं हत्यार) हळूहळू ओढत जा, तुटेपर्यंत. असं दहा वेळा. सातव्या-आठव्या वेळेला तुटायच्या जरा आधी दोरा बोटाला काय सांगतो ते कळायला लागेल. नटचा आटा जाण्याआधी पान्याला जे कळतं, तेच. तुमच्या हाताला ही भाषा येते, फक्त तो हात मोठ्या नटांना सरावलेला आहे. दोरा ६/० चा, म्हणजे जरा जाडसर घ्या. किटमध्ये बहुतेक याहून बारीक आलाय, तो वर्षभराने काढा.

आणखी एक, जे व्हिडिओत कुणी थांबून सांगत नाही. दोरा गळाभोवती गुंडाळता गुंडाळता त्याला पीळ चढत जातो आणि तो सुतळीसारखा गोल होतो. गोल दोऱ्याचे वेढे एकावर एक चढून बसतात. तुमच्या डोक्याशी गोळा होतो त्याचं निम्मं कारण हे. बॉबिन लोंबती सोडा आणि वरून बघत घड्याळाच्या उलट दिशेने गरकन फिरवा (तुम्ही उजवे आहात असं धरून सांगते). पीळ उतरतो, दोरा फितीसारखा चपटा होतो, वेढे शेजारी शेजारी झोपतात. उरलेलं निम्मं कारण जागेचं आहे. नेढ्याच्या मागे नेढ्याएवढी जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली पाहिजे. ती सगळ्यांचीच भरते, माझीही भरायची. मास्तरांनी उपाय सांगितला तो असा: सुरुवातीलाच त्या जागेच्या हद्दीवर दोऱ्याचे दोन वेढे देऊन ठेवा आणि त्यापुढे काहीही जाऊ द्यायचं नाही असं ठरवा. बांध घातल्यासारखं.

पहिली फ्लाय कोणती, तर ग्रीन वीनी. नाव विनोदी आहे, फ्लाय पेनसिल्व्हेनियातलीच. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडांवरून लाळेच्या धाग्याने लोंबणाऱ्या हिरव्या अळ्या ओढ्यात पडतात, त्यांची ही नक्कल. १२ नंबरचा जरा लांब दांड्याचा गळ, पोपटी शेनील, म्हणजे तो मखमलीसारखा केसाळ दोरा, आणि बांधायचा धागा. बस. (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. मी पहिल्यांदा २० नंबरचे मागवले आणि पाकिटात मुंग्या आल्यात असं वाटलं.) नेढ्यामागून बाकापर्यंत, म्हणजे गळ वळतो तिथपर्यंत, दोऱ्याचा एक थर द्या. उघड्या धातूवर काहीच टिकत नाही, तुमचं शेपूट निसटतं ते यामुळे. बाकापाशी शेनीलची छोटी आढी करून बांधा, ती मागे शेपटासारखी राहू द्या. मग दोरा पुढे बांधापाशी आणून ठेवा. शेनील वेढ्याला वेढा लावत पुढे न्या, तीन-चार घट्ट वेढ्यांनी पकडा, उरलेली कापा, शेवटची गाठ मारा. सगळं मिळून पाच मिनिटं. अशा बारा.

शेवटची गाठ म्हणजे व्हिप फिनिश. किटमधलं वाकड्या तारेचं हत्यार बाजूला ठेवा आणि आधी बोटांनी शिका. तत्त्व तुम्ही पाहिलेलं आहे: बॅटच्या मुठीला दोरा गुंडाळताना शेवटचं टोक त्याच वेढ्यांच्या पोटाखालून ओढून घेतात आणि गाठ दिसतच नाही. इथे तेच, फक्त पाच वेढे. आधी पेन्सिलीवर सुतळी घेऊन करा, मग गळावर. वरून रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब, सुईच्या टोकाने. ब्रशने लावलंत की नेढं बुजलंच म्हणून समजा. तरी बुजलं तर ओलं असतानाच त्यातून एखादं टाकाऊ पीस ओढून काढा.

बारा हिरव्या अळ्या झाल्या की वूली बगर. पुन्हा तुमच्याच राज्यातली. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली ती बांधली. सस्क्वेहानासारख्या नद्यांत दगडांखाली हेलग्रामाइट नावाची बोटभर लांबीची, काळपट, पायच पाय असलेली अळी राहते, ती त्यांच्या मनात होती. स्मॉलमाउथ बास नावाचा मासा तिच्यावर जीव टाकतो. पण बगर ट्राउट माशालाही चालते आणि कशालाही चालते, कारण पाण्यात ती जिवंत दिसते. तिचं शेपूट मॅराबूचं. हे पीस पूर्वी मॅराबू नावाच्या करकोच्याचं असायचं, नाव तेच राहिलं, आता टर्कीचं मिळतं. कोरडं असताना हे पीस म्हणजे सावरीचा कापूस, श्वास सोडला तरी उडतं. बोटं पाण्यात बुडवून ओलं करा, मग गुमान वागतं.

बगरमध्ये नवीन शिकायचं ते चिमटीचा वेढा. पीस गळावर ठेवून सरळ दोरा आवळलात तर दोरा त्याला ओढत पलीकडच्या बाजूला नेतो. गजरेवाली आठवा. फुलांचे देठ डाव्या चिमटीत, दोरा त्या चिमटीतूनच वर जातो, पलीकडे उतरतो, आणि आवळून होईपर्यंत चिमूट सुटत नाही. तंतोतंत तेच करायचं: पीस आणि दांडा एकत्र चिमटीत, दोऱ्याची सैल आढी चिमटीच्या आतून, मग सरळ खाली ओढ. दोन-तीन वेढे असे झाले की मगच चिमूट सोडायची.

८ नंबरचा लांब दांड्याचा गळ घ्या. दांड्याच्या मधोमध शिसं नसलेल्या जड तारेचे बाराएक वेढे द्या, म्हणजे फ्लाय बुडेल. शेपूट दांड्याच्या लांबीइतकं. तुमचं फार लांब असणार, नवशिक्यांचं असतंच, आणि मग मासा नुसतं शेपूट चावून निघून जातो. बाकापाशी क्रमाने बारीक तार, कोंबड्याचं लांब पीस टोकाकडून, आणि काळी किंवा शेवाळी शेनील बांधा. शेनील पुढे न्या आणि पकडा. मग पीस मोकळे मोकळे पाच-सहा वेढे देत पुढे आणा. शेवटी ती तार उलट्या दिशेने, पिसाच्या कण्यावरून ओलांडत न्या. ही तार लोक कंटाळून गाळतात, मग पहिल्याच माशाचा दात लागून पिसाचा कणा तुटतो आणि सगळं उलगडतं. तुम्ही गाळू नका.

तिसरी मी मुद्दाम तुमच्यासाठी निवडली आहे: फेझंट टेल निंफ (निंफ म्हणजे किड्याचं पाण्यातलं पिल्लू), आणि तीही फ्रँक सॉयर यांच्या पद्धतीची. हे गृहस्थ इंग्लंडात विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते. त्यांनी धागाच वापरला नाही. केसासारखी बारीक तांब्याची तार आणि फेझंटच्या शेपटाचे चार तंतू, संपली फ्लाय. तारेनेच बांधायचं, तारेनेच वजन द्यायचं. मोटरच्या आर्मेचरवर तांब्याची तार गुंडाळलेल्या हाताला ही फ्लाय बघून घरी आल्यासारखं वाटेल. पण ती १६ नंबरची, म्हणून तिसरी.

किटबद्दल एवढंच, की त्यातली कात्री आणि बॉबिन ठेवा, बाकी खोका बंद करून माळ्यावर टाका. किटमध्ये प्रत्येक गोष्ट चिमूटभर असते, कशाच्याच बारा फ्लाय होत नाहीत. एक रंग शेनील, एक पाकीट मॅराबू, एक पाकीट पिसं, दोन मापांचे गळ. यात तुमचा नोव्हेंबर जाईल. आणि स्वतः बांधल्याने फ्लाय स्वस्त पडते असं शेजारी सांगत असतील तर हसून मान डोलवा. माझ्या नवऱ्याने एकदा हिशेब मांडला होता, मी तो कागद फाडला.

व्हिडिओही थांबवा. शेजारी एवढा जाणता माणूस असताना पडद्याकडे कशाला बघायचं? त्यांच्या डाव्या बाजूला बसा आणि त्यांचा डावा हात बघा. सगळे उजवा बघतात, पण उजवा नुसता फिरतो, धरून ठेवायचं सगळं काम डावा करतो.

राठ बोटांचं औषध आंघोळीच्या मोरीत आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटं रोज वजरीने घासा, रात्री खोबरेल. आठवडाभरात दोरा अडकायचा थांबेल. व्हाइसच्या मागे पांढरा कागद उभा करा, दिवा डाव्या खांद्यावरून येऊ द्या, आणि वाचायचा चष्मा लावायला लाजू नका.

आता काकू. इथे मी तुमची वकिली करणार नाही. यलो ब्रीचेसवर बॉइलिंग स्प्रिंग्जजवळ एक पट्टा पकडून सोडून देण्यासाठीच राखलेला आहे, तुम्ही तिथेच जात असाल, पण गळ लागतो तो लागतोच. माळकरी माणसाला हे दिसतं आणि त्यांचं बरोबर आहे. पटवायला जाऊ नका. बैठक गॅरेजमध्ये हलवा. आजोबांच्या एखाद्या शिकारी मित्राने पीस दिलं तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, नाहीतर कसर लागते, पण तो फ्रीझर त्या आजोबांचा असू द्या, लेकीचा नको. ग्रीन वीनीला एकही पीस लागत नाही, तेवढा तरी वाद कमी.

एका गोष्टीत मात्र काकूंकडे शिष्य म्हणून जावं लागेल. पुढे तुम्हाला डबिंग करायचं आहे, म्हणजे सशाची मऊ लव धाग्यावर वळून फ्लायचं अंग तयार करायचं. सगळे जण इथे अडतात: लव जास्त घेतात आणि बोटं पुढे-मागे चोळतात, म्हणजे वळलेलं पुन्हा उलगडतं. काकू रोज देवासाठी वात वळतात ना? किती कापूस घेतात, तो आधी कसा विंचरून मोकळा करतात, बोटाला दुधाचा ओलावा कसा लावतात आणि चिमूट एकाच दिशेने कशी सरकते, ते बघा. आपण दुधाच्या जागी मेण लावतो, एवढाच फरक. त्यांना म्हणा, मला फुलवाती नको, लांब वाती शिकव. कशासाठी हे त्या ओळखतीलच, पण वाती देवापुढे लागतील, तेव्हा बहुधा शिकवतील.

तुमची,
छंदवाली ताई

ता.क. नात रांगते आहे असं पत्राच्या कडेला लिहिलंय. तेव्हा प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा व्हाइसच्या जबड्यात दाबून आधीच सपाट करा, बांधून झाल्यावर नको. दाबताना गळ तुटला तर मोकळाच तुटू दे. टेबलाच्या कडेला एक चांगला लोहचुंबक चिकटवून ठेवा, आणि उठण्यापूर्वी गळ मोजा. १२ काढले होते तर १२ दिसले पाहिजेत. अकरा भरले तर गालिचा चुंबकाने चाचपून होईपर्यंत तिला त्या खोलीत सोडू नका.